साठने गेलो, चाळीसने आलो

आई गेली तेव्हा माझा परीक्षेचा अर्ज भरून झालेला होता. तिनेच मागे लागून भरायला लावला होता. सरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या जागा निघाल्या होत्या आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. म्हणजे ही शेवटची परीक्षा. त्यानंतर गावच्या वाचनालयात मानधनावर पुस्तकांना नंबर घालत बसायचं, ते वाचनालय चालू राहील तोपर्यंत.

मराठी, सामान्य ज्ञान, चालू घडामोडी यांची मला भीती नव्हती. आयुष्य वाचण्यातच गेलं होतं. अडत होतं ते गणितात, आणि गणितात सगळ्यात जास्त काळ-काम-वेग या एका धड्यात. दहा मजूर भिंत बांधतात, दोन नळ हौद भरतात, इथपर्यंत मी कशीबशी पोचत असे. पण गाडी सुटली की माझं डोकं फलाटावर राहून जायचं.

वडील एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यापासून ते ओसरीवरच्या खाटेवर बसून असत. कुठे जात नसत, फारसं बोलत नसत. जेवायला हाक मारली की येत, आणि ताटात काय आहे हे न बघता जेवत. मी त्यांच्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसे. आम्ही दोघंही मुळातच कमी बोलणारे. बोलण्याचं खातं आईकडे होतं.

एका दुपारी मी गणित पुटपुटत वाचत होते. दोन बस समोरासमोरच्या गावांहून सकाळी आठ वाजता एकमेकींच्या दिशेने निघतात, एकीचा वेग इतका, दुसरीचा इतका, तर त्या कुठे भेटतील?

खाटेवरून आवाज आला, "हाटेलावर."

मी वर बघितलं. वडील आढ्याकडे बघत होते.

"चहाला," ते म्हणाले. "दोनी डायवर एकाच हाटेलावर थांबत्यात. त्यात काय काढायचं?"

कित्येक दिवसांत ते आपण होऊन काही बोलले नव्हते. मी पुढचं गणित मुद्दाम मोठ्याने वाचलं.

तिथून आमचा वर्ग सुरू झाला. रोज दुपारी मी गणित वाचायचं आणि वडिलांनी त्याची तपासणी करायची. उत्तर काढणं हे त्यांच्या मते शेवटचं काम होतं. आधी प्रश्नच खरा आहे का ते बघायला हवं. गाव 'अ' आणि गाव 'ब' ही कुठल्या डेपोत येतात? आठ वाजता निघाली म्हणजे कागदावर निघाली की खरोखर निघाली? घाट आहे का? आणि दोन तास एकाच वेगाने गाडी चालवणारा हा ड्रायव्हर कोण, त्याला रस्त्यात म्हैस कशी लागत नाही? पुस्तक काढणाऱ्याने उभ्या जन्मात स्टेअरिंग धरलेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अपवाद एकाच गणिताचा. एक बस थांबे सोडून ताशी चोपन्न किलोमीटर जाते, थांबे धरून पंचेचाळीस, तर ती तासाला किती मिनिटं थांबते? उत्तर दहा मिनिटं. हे ऐकून ते खाटेवर उठून बसले. म्हणाले, हे मात्र कुणीतरी आपल्यातल्या माणसाने घातलंय.

खरं भांडण झालं ते एका साध्या गणितावरून. एक माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला ताशी साठ किलोमीटर वेगाने जातो आणि त्याच रस्त्याने ताशी चाळीसने परत येतो. त्याचा सरासरी वेग किती?

"पन्नास," वडील म्हणाले. माझंही उत्तर पन्नासच होतं. पुस्तकाच्या मागे मात्र अठ्ठेचाळीस दिलं होतं.

वडिलांनी ती छपाईची चूक ठरवली. मी दुसरं पुस्तक काढलं. त्यातही अठ्ठेचाळीस. मग दोन्ही पुस्तकवाल्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असं ठरलं. पुस्तकात सूत्र दिलं होतं, ते मी पाठ केलं. पण शेजारी बसून कुणीतरी दिवसातून चार वेळा "साठ आन् चाळीस शंभर, त्याचं निम्मं पन्नास" असं म्हणत असेल तर सूत्र काय करणार? सराव परीक्षेत हेच गणित आलं. चार पर्यायांत पन्नास होतंच. ते नेहमी असतंच. माझं बोट सरळ त्याच्यावर गेलं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात होते. आदल्या आठवड्यातही तसंच झालं होतं. एका गुणाने शेकडो माणसं मागेपुढे होतात त्या यादीत.

मी वडिलांना म्हटलं, तुमच्या पन्नासने माझी नोकरी जाणार. हे त्यांना लागलं. ते म्हणाले, "उद्या गाडी काढू. जाऊन बघू. साठनं जायचं, चाळीसनं यायचं. रस्ता खोटं बोलत न्हाई."

आमच्या गावाहून काष्टी बरोबर बारा किलोमीटर आहे. वडिलांनी मोटारसायकल पुसली, हवा भरली, काटा साठवर थरथरत नाही ना ते बघितलं. मी मागे वही आणि मनगटी घड्याळ घेऊन बसले. निघायची वेळ लिहिली. आई गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत वडील पहिल्यांदाच गावाबाहेर पडत होते. याचा गणिताशी काही संबंध असेल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यावर कुणी पहिल्यांदा भेटलं की त्याला तसंच पुढे जाता येत नाही. समोरच्याने विचारायचं असतं आणि आपण सांगायचं असतं. चालत्या गाडीवरून विचारणं हा अपमान आणि चालत्या गाडीवरून सांगणं हा त्याहून मोठा. गाडी बंद करायची, पाय जमिनीवर टेकायचे, आणि त्या दिवशी सकाळी आई उठली तिथपासून सांगायला सुरुवात करायची.

थांबा म्हणणारा पहिला हात आला गावाच्या वेशीजवळच. नऊ मिनिटं. मी वहीत लिहिलं. पुढे कॅनॉलच्या पुलावर आईच्या भजनातल्या दोघी डोक्यावर गवत घेऊन येत होत्या. त्यांनी भारे खाली टाकले. चौदा मिनिटं, त्यात मला दोनदा कुशीत घेऊन रडणं आणि भारे पुन्हा डोक्यावर चढवून देणं धरून. पुढे एक शेळ्या राखणारे आजोबा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग त्यांचा बैल गेल्या दिवाळीत कसा गेला ते सांगितलं. तोही सकाळी उठला तिथपासून. बैलाला आईपेक्षा जास्त वेळ लागला. नंतर एका वस्तीवर आम्हाला बसवून बिनदुधाचा चहा दिला. वडील पहिल्यांदा सांगताना अडखळत होते. पाचव्या वेळेला सलग सांगत होते, आणि सातव्या वेळेला त्यांनी मी विसरलेला एक तपशील घातला, की त्या सकाळी आईने मांजराला शिव्या दिल्या होत्या.

तरी अधूनमधून रिकामा रस्ता मिळाला की ते इमानाने काटा साठवर नेत. दोनशे मीटर साठने जायचं आणि पुढच्या झाडाखाली कुणीतरी उभं असायचं.

काष्टीत पोचलो तो बाजाराचा दिवस निघाला. म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांतले सगळे पाहुणे एकाच पटांगणात. मी वडिलांना शिवेवरच थांबवलं आणि हिशेब केला. बारा किलोमीटरला दोन तास चोवीस मिनिटं लागली होती. सरासरी वेग ताशी पाच.

मी म्हटलं, चालत आलो असतो तरी एवढाच वेळ लागला असता.

वडिलांनी विचार केला. "चालत आलो असतो तर अजून मान्सं भेटली असती," ते म्हणाले.

परतीचा प्रयोग त्या दिवशी झाला नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी तोड काढली. माझ्या चुलतभावाकडून त्यांनी दोन हेल्मेट आणली, पुढे काळी काच असलेली. तोंड दिसलं नाही तर कोण थांबवेल? आमच्या रस्त्याला हेल्मेट घातलेली एक व्यक्ती दिसणंही विशेष, तिथे दोन, त्यातही मागची वही आणि पेन घेऊन. निघाल्यावर पहिले दोन किलोमीटर झकास गेले. मग माझ्या लक्षात आलं की आम्ही पुढे जातो तसतसे रानातले लोक धावतायत. ते आमच्याकडे येत नव्हते, विजेच्या खांबांकडे जात होते. लांब काठ्या घेऊन तारांवर टाकलेले आकडे भराभर खाली ओढत होते. एकामागून एक पाण्याच्या मोटारी बंद पडत होत्या, उसात चाललेलं पाणी थांबत होतं. ते आम्हाला वीजचोरी पकडायला आलेले वीजवाले समजले होते. आमच्या पुढे बातमी जात होती, आणि ती साठपेक्षा कितीतरी जास्त वेगाने जात होती.

त्यातच एका म्हाताऱ्या बाईने आमची मोटारसायकल ओळखली आणि प्रयोग तिथेच आटोपला. संध्याकाळी ओसरीवर तक्रार आली. विजेचं कुणी बोललं नाही. माणूस गेलेल्या घरच्यांनी तोंड झाकून, न बोलता भरधाव निघून जावं याचं लोकांना वाईट वाटलं होतं. भजनातली एक जण वडिलांना म्हणाली, "आमी काय परके हाय का, दादा? आमच्यापसून कशाला पळता?" वडिलांनी खाली मान घातली. सरासरी वेग काढत होतो असं त्यांना सांगता येईना. मी चहा ठेवला आणि पुन्हा एकदा, आई सकाळी उठली तिथपासून, सगळं सांगणं झालं.

परीक्षा दहा दिवसांवर आली. मी म्हटलं, आबा, सोडून देऊ, मी अठ्ठेचाळीस असंच पाठ करते. पण आकडे बदलले तर? आणि वडिलांनाही आता मागे हटायचं नव्हतं. ते म्हणाले, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही असा रस्ता पाहिजे. असा रस्ता त्यांना एकच माहीत होता. पुणे-नगर.

रविवारी पहाटे आम्ही भाकरी बांधून घेऊन निघालो आणि उजाडल्यावर सुप्याला पोचलो. कारखान्यांना सुट्टी होती, म्हणून गर्दी कमी होती. गाव मागे टाकून, नगरच्या दिशेला एका किलोमीटरच्या दगडापाशी वडिलांनी गाडी उभी केली, चाक बरोबर दगडाच्या रेषेत आणलं, आणि एसटी फलाटावरून काढताना बघायचे तसं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ बघून हो म्हटलं. कंडक्टरची घंटी तेवढी नव्हती.

साठचा काटा त्यांनी हलू दिला नाही. कुणी हात केला नाही, कुणी हाक मारली नाही. त्यांचं काम मी पहिल्यांदाच इतकं नीट बघत होते. खांदे स्थिर, मान सरळ. बाराव्या दगडाला बरोबर बारा मिनिटं झाली.

परतीला चाळीस. ही खरी शिक्षा होती. चाळीसने जाणाऱ्या माणसाला त्या रस्त्यावर जागा नाही. ट्रक हॉर्न देत गेले, दुधाचा टँकर गेला, एक रिकामी एसटी गेली आणि तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून आमच्याकडे असं बघितलं की वडिलांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. शेवटी एक शाळकरी मुलगी स्कूटीवरून पुढे गेली. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अजून किती ऱ्हायलं?" पण काटा चाळीसच्या वर गेला नाही.

दगडापाशी पोचलो तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. जायला बारा, यायला अठरा. अर्धा तास. अर्ध्या तासात चोवीस किलोमीटर, म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस.

वडिलांनी आधी माझं घड्याळ मागून घेतलं आणि कानाला लावलं. मग मोबाईलमधल्या वेळेशी ताडून बघितलं. मग रस्त्याच्या कडेला बसून काडीने धुळीत आकडे लिहिले. बारा. अठरा. तीस. पुसले, पुन्हा लिहिले. मी फडक्यातली भाकरी सोडली. त्यांनी हातात घेतली पण खाल्ली नाही.

"साठनं आपन बाराच मिंटं हुतो," ते म्हणाले. "चाळीसनं अठरा मिंटं."

मी म्हटलं, हो.

"म्हंजे जितं हळू जातो, तितं आपन जास्त येळ असतो. म्हनून सरासरी तिकडं वढती."

एवढ्या सोप्या शब्दांत ते माझ्या कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी वही उघडली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मी लिहीत असताना ते धुळीतल्या आकड्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "चारच म्हैनं झालं व्हय गं तिला? मला लई दिस झाल्यासारखं वाटतंय." हे मी वहीत लिहिलं नाही.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला आमच्याजवळ थांबला आणि पंक्चर आहे का विचारू लागला. वडील म्हणाले, नाही, गणित आहे. तो थोडा वेळ थांबला, कदाचित पुढे काही सांगतील म्हणून. मग निघून गेला.

परीक्षा नगरला होती, दुपारच्या सत्रात. फाटक वेळेला बंद होणार आणि मग कुणालाही आत घेणार नाहीत, असं प्रवेशपत्रावर मोठ्या अक्षरांत होतं. वडिलांनी रस्त्यात भेटणाऱ्या माणसांचा अंदाज धरून चार तास जास्तीचे काढले. त्या दिवशी कुणीही भेटलं नाही. सगळ्यांना सांगून झालेलं होतं. आम्ही फाटकाशी इतके लवकर पोचलो की तिथल्या पहारेकऱ्याने आम्ही सकाळच्या सत्राला उशिरा आलोय असं समजून आमची समजूत घालायला सुरुवात केली.

संगणकासमोर बसल्यावर पहिले साठ प्रश्न बरे गेले. मग गणितं आली आणि त्यात ते आलं. ते मला आधी ओळखूच आलं नाही, कारण त्यात नाव होती. एक नाव प्रवाहाच्या दिशेने ताशी सहा किलोमीटर वेगाने जाते आणि तेवढंच अंतर प्रवाहाविरुद्ध ताशी चारने परत येते. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?

नाव आमच्या भागात कुणाकडे असते? आमची नदी वर्षातले आठ महिने लोक चप्पल न काढता ओलांडतात. पर्यायांत पाच होतं. सहा आणि चार दहा, त्याचं निम्मं पाच. माऊस त्याच्यावर गेलाही. कोपऱ्यातलं घड्याळ सेकंद मोजत होतं. मी डोळे मिटले आणि नाव काढून तिथे मोटारसायकल घातली. नदीतून वडील सहाने चाललेत, मागे मी वही घेऊन. अंतर बारा किलोमीटर. जायला दोन तास, यायला तीन. हळू तिथे जास्त वेळ. चोवीस भागिले पाच. चार पूर्णांक आठ दशांश. ते खाली, तिसऱ्या जागी, होतं. मी बटण दाबलं आणि परत त्याच्याकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, आलं का आपलं गणित? मी म्हटलं, आलं, पण नाव होती. ते घरी पोचेपर्यंत बेचैन होते. नावेला ब्रेक नसतो, मग चारनेच जातेय हे गणित घालणारा कसं धरतो, एवढं त्यांनी मला तीन वेळा विचारलं.

निकाल यायला पुढची दिवाळी उजाडली. मधल्या काळात आईचं वर्षश्राद्धही झालं. यादी मोबाईलवर होती आणि तीत पानामागून पानं होती. वडिलांनी चष्मा लावून, बोट ठेवून, पहिल्या नावापासून वाचायला घेतलं. मी म्हटलं, मधूनच शोधता येतं. त्यांना ते मान्य नव्हतं. त्यामुळे माझं नाव यायला पाऊण तास लागला. शेवटून अकरावं. ते वाचून झाल्यावरही ते थांबले नाहीत, खालची दहा नावंही वाचली. म्हणाले, त्यांच्याही घरी कुणीतरी वाचत असेल.

नेमणूक मिळाली अकोले तालुक्याच्या गावी. आमच्याच नगर जिल्ह्याचं हे दुसरं टोक. एकाच जिल्ह्यात आहे असं सांगून वडिलांनी सगळ्यांची समजूत घातली. तिथे पाऊस फार असतो म्हणून त्यांनी मला दोन छत्र्या घेतल्या. ते स्वतः कुठे येणार नव्हते. त्यांची खाट, गोठ्यातली गाय, आणि आता रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसणारी माणसं सोडून त्यांना जमणारं नव्हतं, आणि मीही फार आग्रह धरला नाही.

रुजू व्हायच्या दिवशी चुलतभावाचा छोटा टेम्पो घेतला. मागे लोखंडी कॉट, गॅसची शेगडी आणि पुस्तकांची सहा खोकी. वडील चालवायला बसले, मी शेजारी. पहाटेच निघालो. दुपारपर्यंत कार्यालयात पोचायचं होतं, तसा वेळ भरपूर होता. नगरच्या पुढे दोन ट्रेलर ऊस लादलेला एक ट्रॅक्टर आमच्यापुढे लागला. त्याच्या टपावर मोठ्याने गाणी लागली होती आणि तो झुलत झुलत चालला होता.

वडील आयुष्यात कधी ट्रॅक्टरमागे राहिलेले नाहीत. एसटीत असतानाही नाही. मी दरवाज्याचा दांडा धरून बसले, आता ते हॉर्न देतील आणि बाजूने काढतील म्हणून. समोरून काही येत नव्हतं. रस्ता लांबवर रिकामा दिसत होता. एक वळण गेलं, एक गाव गेलं, आमच्या मागे गाड्यांची रांग लागली आणि एकेक करून त्या सगळ्या पुढे निघून गेल्या.

मी म्हटलं, "आबा, काढा की बाजूनं. जागा हाय."

"असू दे," ते म्हणाले. "जाईल त्यो त्याच्या येळेनं."

त्यांनी गिअर एक खाली घेतला. मी घड्याळ बघितलं नाही.